थांबा पाच मिनिटं

आमच्या आईला नाही म्हणता येत नाही. कौतुक म्हणून सांगत नाहीये मी हे, दुखणं म्हणून सांगतेय. कुणाचा गुडघा वाकत नाही, तशी हिची मान आडवी हलत नाही.

तिची खानावळ म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. आत दोन बाक, भिंतीला चिकटवलेलं लांब टेबल आणि रस्त्याच्या बाजूला खिडकी. खिडकीला आतून खाली ओढायचं पत्र्याचं शटर, बाहेरून एक लाकडी फळी. त्या फळीवर कोपर टेकून माणसं उभी राहतात आणि आई आतून ताटली सरकवते. भात, एखादी भाजी, रस्सा, मिळाले तर मासे. पातेल्याचा तळ दिसायला लागला आणि तेवढ्यात कुणी आलं, की ही म्हणणार, "थांबा पाच मिनिटं." मग दोन अंडी फोडेल, उरलेला भात परतेल, तेही नसलं तर आमच्या ताटातलं उचलून देईल. मी कितीदा तरी नुसत्या चहावर दिवस काढलाय, कुणा अनोळखी ड्रायव्हरला भूक लागली म्हणून. बाबा गेले तेव्हा लोक भेटायला आले, तर हिने त्यांनाही पंगतीला बसवलं. रडणारी माणसं जेवून गेली आमच्याकडून.

पण एक कबूल करते. इतक्या वर्षांत त्या खिडकीतून कुणी उपाशी परत गेलं नाही. बाकी आमच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतं. आईकडे एवढं एक होतं.

तर माझा भाऊ. आई त्याला अजून पिल्लू म्हणते, आणि पिल्लाला टक्कल पडायला लागलंय. एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचा. एके दुपारी घरी आला आणि म्हणाला, "ताई, नोकरी सोडली."

"जेवून सोडलीस की उपाशीपोटी?" मी विचारलं. मी कांदे चिरत होते, मला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. समोरच्या उंच इमारतीतली माणसं पूर्वी दुपारी खाली उतरून आमच्या खिडकीशी यायची. हळूहळू ती उतरायचीच थांबली. त्यांचं जेवण वर जायला लागलं, मोठ्या कंपनीच्या चौकोनी पिशव्यांतून. त्या पिशव्या आमच्या फळीसमोरून जायच्या आणि आई हातात डाव घेऊन बघत राहायची. तिने कधी तक्रार केली नाही. नुसती भात कमी टाकायला लागली. ते भावाने पाहिलं होतं. त्याच्या डोक्यात आलं की आपणच ॲप काढायचं, आपल्या भागातल्या लहान लहान खानावळींचं. घरी रांधणाऱ्या बायका, एकटे आचारी, असे सगळे त्यात. हेतू वाईट नव्हता हो त्याचा. हेच तर आहे, त्याच्यावर धड रागावताही येत नाही मला. आणि तरी रागावते.

त्याच्याबरोबर त्याच ऑफिसातली एक मुलगी आली. प्रोग्राम ती लिहिणार. ती बोलायचीच नाही, म्हणून मी तिला मौनी म्हणायला लागले, तेही तोंडावर. ती हसली, म्हणजे ओठ जरा हलले. दोघांनी आमच्या पोटमाळ्यावर बस्तान मांडलं. खाली शेगड्या, वर लॅपटॉप. सगळी वाफ वर जायची. मौनीच्या केसांना, दप्तराला, कागदांना परतलेल्या कांद्याचा वास यायला लागला. आई दर थोड्या वेळाने जिन्यात उभी राहून हाक मारायची, "पिल्लू, पोरीने काही खाल्लं का रे?" आणि उत्तराची वाट न बघता ताटली वर पाठवायची. ॲप तयार होईपर्यंत मौनी चांगली भरली.

चाचणी म्हणून खोटी गिऱ्हाइकं लागायची. ते काम माझ्याकडे. मी पत्ता टाकला, चंद्र, मागची बाजू. ॲपने ऑर्डर घेतली आणि वर सांगितलं, जेवण थोड्याच वेळात पोचतंय. मी हसून हसून बाकावर आडवी. भाऊ चिडला, मौनीने मात्र शांतपणे वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चंद्रावरचं जेवण बंद झालं. असे दिवस होते ते. मजेचे होते. 

आईसाठी आत, ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी एक टॅब बसवला. त्यावर तीन बटणं. ऑर्डर आली की घंटा वाजायची, हिरवं दाबलं की ती घेतली. पिवळं दाबलं की गिऱ्हाइकाला दिसायचं, अजून पाच मिनिटं. हे पाच भावाने मुद्दाम ठेवले होते, आईच्या बोलण्यावरून. तिला फार आवडलं ते. "बघ गं, माझी पाच मिनिटं त्यात घातली याने," असं मला दहा वेळा दाखवलं असेल. ओल्या बोटाला टॅब दाद देत नसे, म्हणून ती कमरेच्या फडक्याला बोट पुसून, जीभ दाताखाली धरून हिरवं-पिवळं दाबायचा सराव करायची.

तिसरं बटण लाल.

"हे कशाला?" आईने विचारलं.

"जेवण संपलं की दाबायचं. मग तुझ्याकडे ऑर्डरी यायच्या थांबतात."

"आणि त्या माणसाला काय दिसतं?"

"की तू बंद आहेस. तो दुसरीकडून मागवेल."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला कुणाला मानेला धरून बाहेर काढायला सांगितलं होतं. "ते माझ्याच्याने व्हायचं नाही," ती म्हणाली आणि भाजी ढवळायला वळली.

भाऊ आधी हसला. मग त्याचे डोळे चमकले. त्याचे डोळे चमकले की मला धडकी भरते, लहानपणापासून. तो म्हणाला, "अगं, हीच तर आपली जाहिरात! इथून कुणी उपाशी परत जात नाही!"

तेव्हा मौनी बोलली. मी तिच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब बोलणं. "प्रत्येक स्वयंपाकघराला मर्यादा घालू या. तेवढ्या ऑर्डरी झाल्या की ॲप आपोआप थांबेल. कुणाला काही दाबावं लागणार नाही."

"बाकीच्यांना लाल बटण आहेच," भाऊ म्हणाला. "आईला मर्यादा नको. आई म्हणजे आई आहे."

"अरे, ऐक तिचं," मी म्हटलं. "खिडकीत एका वेळी चार माणसं मावतात. तुझ्या त्या फोनात किती मावतात?"

"ताई, तुला बिझनेस कळत नाही."

"नसेल कळत. आई कळते मला."

पण माझं कोण ऐकतंय! मी माहेरी परत आलेली बाई, फटकळ तोंडाची. माझं म्हणणं म्हणजे कांदे चिरता चिरता केलेली बडबड. मौनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती वर निघून गेली.

मग आईचा फोटो काढला. फोटोवाला तिला सारखं हसा हसा म्हणत होता आणि ती दगडासारखी उभी. शेवटी मी त्याच्यावर खेकसले, "अहो, तिला हसवायचंय की दात तपासायचेत?" आणि ती खरीखुरी हसली, डाव हातात धरून, डोळे बारीक करून. तोच फोटो ॲप उघडल्या उघडल्या दिसायचा. खाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य. आई येता-जाता माझा फोन मागून बघायची. "बरी दिसतेय ना गं?" म्हणायची. मी म्हणायचे, "नटीच दिसतेस." आणि खरंच बरी दिसत होती.

आता घड्याळवाल्या काकांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय हे सगळं अर्धंच राहील. कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर राहायची खोली. एकटे. माझ्या लहानपणापासून रोज आमच्या खिडकीशी येतात. मागत काही नाहीत. येऊन फळीवर कोपर टेकायचं, की आईने ताटली सरकवायची. फळीवर त्यांच्या कोपराच्या जागी लाकूड गुळगुळीत झालंय. आई त्यांना घड्याळजी म्हणते, ते तिला वहिनी म्हणतात, आणि यापलीकडे दोघांनी एकमेकांशी दहा वाक्यं बोललेली मी ऐकलेली नाहीत. पण ते यायच्या आधी आई कधी जेवत नाही.

त्या दिवसांत त्यांचा गुडघा सुजला होता. जिना उतरता येईना. मी त्यांचा डबा पोचवायचे. लाँच जवळ आला तेव्हा मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्हीही ॲपवरूनच मागवा. भावाचं पहिलं पाऊल आहे, तुमची ऑर्डर दिसली की त्याला बरं वाटेल." त्यांनी डोळ्याला ते घड्याळाचं भिंग लावून फोन पाहिला. पुढून पाहिला, मागून पाहिला. "यात यंत्र कुठेय गं?" मी सगळं शिकवलं. कुठे दाबायचं, कुठे बघायचं. "इथे लिहून येईल किती वेळ लागणार ते," मी सांगितलं. ते म्हणाले, "वहिनींचंच ना? मग बघायचं काय त्यात?"

रविवारी लाँच. पहिलं जेवण अर्ध्या किमतीत, अशी भावाने शहरभर दवंडी पिटलेली. आईने पहाटेच दुप्पट भात लावला, मोठं पातेलं शेजारून मागून आणलं. पहिली घंटा वाजली तेव्हा तिने हात फडक्याला पुसले, केस सारखे केले, जणू कुणी दारात आलंय, आणि हिरवं दाबलं. भाऊ माळ्यावरून ओरडला, "आली! आली!" आम्ही तिघींनी टाळ्या वाजवल्या. मौनीनेसुद्धा.

सकाळ छान गेली. जेवण डब्यांत भरायचं, पिशवीत घालायचं, खिडकीतून द्यायचं. मग दुपार झाली.

भावाने बाकीच्या ज्या खानावळी जमवल्या होत्या, त्यांनी आपापल्या ताकदीएवढ्या ऑर्डरी घेतल्या आणि लाल बटण दाबलं. शहाण्या बायका. त्यांचं काहीच चुकलं नाही. एकीने दाबलं, दुसरीने दाबलं, बघता बघता सगळ्या बंद. आणि ज्या बंद, त्यांच्याकडून काही मागवता यायचं नाही. अख्ख्या भागात उघडं दिसणारं एकच स्वयंपाकघर उरलं. हसणाऱ्या बाईचं.

घंटा वाजायची थांबेना. एक विरते न विरते तोच दुसरी. आई हिरवं दाबतेय, भात उपसतेय, हिरवं दाबतेय. बाहेर डिलिव्हरीवाल्यांची ही गर्दी! गाड्या रस्त्यात आडव्या, हेल्मेटं घातलेली डोकी खिडकीत. "मावशी, माझी कुठेय? मावशी, गिऱ्हाईक फोन करतंय!" आई तोंडाने म्हणतेय, "थांबा पाच मिनिटं," आणि बोटाने पिवळं दाबतेय. सगळ्यांना. एकेकाला पुन्हा पुन्हा. खिडकीत उभ्या माणसाला पाच मिनिटं म्हटलं की तो तिचं तोंड बघतो, परतणाऱ्या अंड्याचा आवाज ऐकतो, तिने हातावर ठेवलेला काकडीचा तुकडा खातो. फोनातल्या माणसाला काय दिसतंय? पाच मिनिटं. मग परत पाच मिनिटं. परत पाच.

आणि मग मी ते पाहिलं. आईने तांब्या उचलला आणि रश्शात पाणी ओतलं. माझी आई. बाजारातली भाजी जरा शिळी निघाली तर अख्खं पातेलं ओतून देणारी बाई. तिने पाणी ओतलं, ढवळलं, माझ्याकडे बघितलं नाही. पुढचा भात तिने शिजायच्या आत उतरवला. मी एक शीत बोटात धरून बघितलं, आत कच्चं होतं. "आई, हा देऊ नकोस," मी म्हटलं. तिने माझ्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावलं.

मी टॅबकडे धावले. लाल बटणावर बोट पडणार तेवढ्यात तिने माझं मनगट पकडलं. हात तिचा ओला होता आणि तापलेला.

"लोकांनी विश्वासाने मागवलंय."

"अगं, पण देणार कुठून? आभाळातून?"

"होतंय. पाच मिनिटं."

भाऊ माळ्यावरून खाली आला. सकाळी आरशात बघून भांग पाडलेला माणूस, आता तोंडचं पार पाणी पळालेलं. मी जोरात ओरडले, "बंद कर रे ते! बंद कर आधी!" तो खोलीच्या मध्यात उभा राहिला आणि त्याने काय करावं? त्याने आईला विचारलं. "आई, बंद करू?"

आता मला सांगा, तिला विचारायचं असतं का हे? जिला आयुष्यात नाही म्हणता आलं नाही, तिला? पण आम्ही असेच आहोत. या घरात स्वयंपाकाचा शब्द आईचा, आणि तो कुणी मोडत नाही. टक्कल पडलं तरी नाही.

"अजून नाही," आई म्हणाली.

आणि हा मुकाट्याने परत वर गेला.

त्यानंतरची दुपार मला सलग आठवत नाही. भात संपला. शेजारून तांदूळ आणला, तो शिजेना कारण एक शेगडी विझली, गॅस संपला होता. एक डिलिव्हरीवाला फळीवर मूठ आपटून शिव्या देत होता. दुसरा काही न घेताच निघून गेला, मग बरेचसे गेले. आई रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने पिवळं दाबत होती. पिवळं, पिवळं, पिवळं. तिला थांबवावं असं मला वाटत होतं आणि मी रिकाम्या डब्यांची झाकणं पुसत होते.

मग एकदम घंटा थांबली. टॅब काळा पडला. इतकी शांतता झाली की बाहेरच्या एका गाडीचं इंजिन ऐकू यायला लागलं.

"कुणी बंद केलं?" आईने विचारलं.

मौनी जिन्यात उभी होती. "मी," ती म्हणाली. कुणालाही न विचारता तिने सगळ्या ऑर्डरी रद्द केल्या होत्या.  आईने डाव खाली ठेवला, फडकं सोडलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "अजून पाच मिनिटांत झालं असतं."

हे ऐकलं आणि मी मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवसापासून ॲपवर लोकांचं लिहिणं येऊन पडायला लागलं. सगळं त्या फोटोखाली. एकेक तारा आणि खाली शिव्या. भाऊ फोन लपवत होता, तर आईनेच माझ्याकडून मागून घेतला. मी म्हटलं, मी वाचून दाखवते, आणि माझ्या मनाने काहीतरी सौम्य सांगायला लागले. जरा उशीर झाला म्हणतायत, पण चव चांगली होती.

"मला वाचता येतं गं," ती म्हणाली.

चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तिने एकूण एक वाचलं. कच्चा भात. पाणचट रस्सा. घरी पाहुणे उपाशी बसले. यांची पाच मिनिटं म्हणजे किती तास? एकाने लिहिलं होतं, फोटोतली बाई कशाला हसतेय? आणि एकाने फक्त एक शब्द. खोटारडी. त्या शब्दावर तिचं बोट थांबलं. फोन बंद होऊन काळा झाला तरी बोट तिथेच होतं.

भावाने संध्याकाळी फोटो काढून टाकला. ॲप त्याला आणखी थोडे दिवस चालवायचं होतं, पण बाकीच्या खानावळींनी एकापाठोपाठ एक पाठ फिरवली. कुणाला लागायचाय असला डाग? मौनीला दुसरीकडे नोकरी मिळाली. जाताना ती आईजवळ बसली आणि तिच्या हातावर हात ठेवून उठली. भाऊ माळ्यावर बंद लॅपटॉपसमोर बसायचा. मी वर ताटली नेली की म्हणायचा, "ताई, मी तिच्या नावाला काळं फासलं."  मी म्हणायचे, "जेव आधी." खोटं खोटं धीर देणं मला जमत नाही.

आणि आईने शटर खाली ओढलेलं होतं. खिडकी बंद. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

लाँचच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, काकांचा डबा पोचवायचा तर घरी शेगडी पेटलेली नव्हती, म्हणून मी बाजारातून पाव आणि फळं घेतली आणि त्यांच्याकडे गेले. खरं म्हणजे मला त्या रविवारचं विचारायचं होतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. तेच बोलले.

"पोरी, मी दुसरीकडून काही मागवलं नाही हं," ते म्हणाले. कौतुकाने सांगावं तसे. "त्यात लिहून येत होतं ना, पाच मिनिटं. वहिनींचा शब्द म्हणजे शब्द. खालचा तो चहावाला विचारत होता, तुम्हाला काही आणून देऊ का? म्हटलं, नको, माझं येतंय."

"मग काय खाल्लंत?"

"संध्याकाळी डोळाच लागला बघ. भूक मेली मग." ते हसले. "खूप गर्दी झाली असेल ना? चांगलं आहे. पोराचं नाव झालं असेल."

फोन त्यांच्या उशाशी होता. तो दुपारभर त्यांनी उभा करून ठेवला होता, एका उघड्या घड्याळाला टेकवून, म्हणजे झोपल्या जागेवरून दिसेल. रद्द झालेलं त्यांना कळलंच नव्हतं. ते कसं दिसतं, ते मी शिकवलं नव्हतं.

मी आईला सांगणार नव्हते. देवाशपथ नव्हते. पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने विचारलं, "त्या दिवशी घड्याळजींनीही मागवलं होतं का गं?" कुठून कळतं बायकांना? मी चपला काढत बसले. एक चप्पल काढायला केवढा वेळ लावला मी. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने मान खाली घातली आणि पुढे विचारलं नाही. ॲपवरचं ते सगळं वाचून तिच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. आताही नाही आला. पण त्या दिवसानंतर ती जेवली की आम्हाला बरं वाटायचं, इतकं कमी खायला लागली.

बरेच दिवस असे गेले. मग एका सकाळी मी उठले तर शेगडी पेटलेली. आई तांदूळ धूत होती. कांदे चिरून ठेवलेले, माझ्याआधी. मी काही बोललेच नाही, न जाणो, बोलले तर मोडेल. भाऊही खाली येऊन गुपचूप भांडी विसळायला लागला. मोठं पातेलं भरून भात झाला, मोकळा, शुभ्र. रस्सा दाट झाला. खोलीभर तो जुना वास. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा. आली आमची आई परत.

दुपारी तिने शटर वर सरकवलं. अर्धंच.

पहिलं गिऱ्हाईक कोण असणार? काठीचा आवाज आला आधी. काका हळूहळू, एकेक पाऊल टाकत कोपऱ्यावरून येत होते. गुडघा अजून धड वाकत नव्हता. इतक्या दिवसांनी उतरले होते, दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. आले, काठी भिंतीला उभी केली आणि फळीवर त्यांच्या जागी कोपर टेकलं.

मी ताटली पुसून आईच्या हातात दिली. आईने ती घेतली. पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफ वर आली. डाव भातात घातला आणि तिचा हात तिथेच राहिला. मी शेजारी उभी होते, मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिने झाकण परत ठेवलं.

"आज नाही," आई म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. भाऊ भांडं हातात घेऊन वळला. त्या अर्ध्या शटरखालून वाफ बाहेर जात होती, काकांच्या तोंडावर जात असणार.

"काही नाही घड्याळजी. संपलं. तुम्ही दुसरीकडे बघा."

काकांनी फळीवरचं कोपर नीट टेकलं. मग अगदी सहज म्हणाले, "असू दे की वहिनी. मला काय घाई आहे? मी थांबतो पाच मिनिटं."

आईने शटर खाली ओढलं. ते नेहमी अडकतं, तिने दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. मग ती बाकावर बसली, रिकामी ताटली मांडीवर घेऊन. "आई," मी म्हटलं, "आई, अगं, भात आहे. पातेलं भरून आहे." तिने मान आडवी हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिची मान आडवी हललेली पाहिली, आणि ती थांबेना.

भाऊ मागच्या दाराने पळत बाहेर गेला काकांना आत आणायला. मी शटरच्या फटीतून बघितलं. काका फळीवर कोपर टेकून उभे होते, रस्त्याकडे तोंड करून. भावाने त्यांच्या दंडाला धरलं तर ते म्हणाले, "नको रे, जेवण येतंय माझं."